पीएल ५ पट वाढलं आणि लाइफटाइम ५ पट घटला, याला पर्सेल इफेक्ट म्हणू का?

नॅनोखांब

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, अर्धवट सांगून काही उपयोग नाही. (पीएल म्हणजे फोटोल्युमिनेसन्स, लेझर टाकल्यावर सॅम्पलमधून निघणारा प्रकाश; लाइफटाइम म्हणजे तो मावळायला लागणारा वेळ; पर्सेल इफेक्ट म्हणजे भोवतालच्या रचनेमुळे प्रकाश देण्याचा वेग बदलणं.) पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, विषय आहे सेमीकंडक्टरमधून निघणारा प्रकाश मेटासरफेसने, म्हणजे तरंगलांबीपेक्षा लहान तुकड्यांच्या पृष्ठभागाने, कंट्रोल करणं. सॅम्पल असं आहे, गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरात इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या तीन क्वांटम वेल (प्रकाश देणारे अतिपातळ थर), प्रकाश ९५० नॅनोमीटरच्या आसपास येतो. मूळ सबस्ट्रेट काढून थर काचेवर चिकटवलाय आणि मग ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) पॅटर्न काढून एचिंग करून त्याचे छोटे छोटे खांब केलेत, व्यास २५० नॅनोमीटर, एका खांबाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत अंतर ४००. म्हणजे क्वांटम वेल खांबाच्या पोटातच आहेत, वरून काही ठेवलेलं नाही. रिफ्लेक्शनमध्ये बरोबर ९५० ला रेझोनन्स दिसतो, रुंदी ४० नॅनोमीटर.

आता रिझल्ट. ७८० च्या लेझरने पंप करतेय, ऑब्जेक्टिव्ह ०.४२ एनएचा (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचं माप). शेजारच्याच सपाट भागाच्या तुलनेत खांबांतून पीएल ५ पट जास्त येतं. लाइफटाइम सपाट भागात १.२ नॅनोसेकंद आणि खांबांत ०.२४. म्हणजे तोही बरोब्बर ५ पट कमी. ग्रुपमध्ये दाखवल्यावर सगळे म्हणाले झालं, पर्सेल फॅक्टर ५, लिहायला घे. पण मला रात्री झोप लागेना कारण आकडे इतके छान जुळतायत की भीती वाटते. कुणी यावर काम केलंय का, हे असं लिहिणं बरोबर आहे का आणि नसेल तर नेमकं काय काय तपासू?

जुना_प्रयोगवाला

ती भीती जपून ठेव, कामाची आहे. अजून लिहायला घेऊ नकोस.

तुझे दोन ५ आहेत ना ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत, निदान आत्ता दाखवलेल्या मापांवरून तरी नाही. नीट विचार कर, सपाट सॅम्पल चांगलं असेल, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेची) बहुतेक प्रत्येक जोडी एक फोटॉन देऊनच संपत असेल, तर पर्सेल इफेक्टने काय होणार? तीच जोडी लवकर फोटॉन देईल. एकच देईल, पाच नाही देणार! ठरावीक पंपाला फोटॉनांची संख्या तेवढीच राहते, फक्त घाईघाईने येतात. सभागृहाला दारं वाढवली तर माणसं लवकर बाहेर पडतात, माणसं वाढत नाहीत. संख्या वाढायची तर आधी आत बऱ्याच जोड्या प्रकाश न देता उष्णतेत वाया जात असायला हव्यात, मग रेडिएटिव्ह वाट वेगवान झाली की त्यांतल्या काही वाचतात. म्हणून पहिला प्रश्न, सपाट भागाची क्वांटम एफिशियन्सी, म्हणजे फोटॉन देणाऱ्या जोड्यांचं प्रमाण, किती? हे माहीत नसताना पीएलच्या वाढीवरून पर्सेलबद्दल अवाक्षर काढता येत नाही.

दुसरं, पीएल जास्त दिसायला निदान तीन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळलेली असतात. पंप जास्त शोषला जातो, प्रकाश जास्त बाहेर पडतो किंवा तुझ्या ऑब्जेक्टिव्हच्या दिशेने जास्त येतो, आणि मग खरोखर रेडिएटिव्ह रेट वाढतो. यातलं दिशेचं प्रकरण लोक फार हलक्यात घेतात. गॅलियम आर्सेनाइडचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स साधारण ३.५, म्हणजे क्रिटिकल अँगल जेमतेम १६-१७ अंश, सपाट पृष्ठभागातून एका बाजूने फक्त २ टक्क्यांच्या आसपास प्रकाश निसटतो, बाकीचा आतच फिरत बसतो. आणि जो निसटतो तो बाहेर सगळीकडे पसरतो, लॅम्बर्टियन. त्यातला ०.४२ च्या ऑब्जेक्टिव्हमध्ये किती शिरतो? एनएचा वर्ग कर, ०.१८ च्या आत. म्हणजे बाहेर पडणारा एकूण प्रकाश तेवढाच ठेवून तुझ्या खांबांनी तो नुसता सरळ वर वळवला तरी तुला जास्तीत जास्त ५.७ पट वाढ दिसू शकते!! तुझा ५ पट आकडा एकट्या दिशेने सुद्धा निघतो.

तिसरं, साधा हिशोब कर. पर्सेलच्या सूत्रात क्यूच्या (रेझोनन्स किती अरुंद आहे त्याच्या मापाच्या) आधी जो गुणक असतो, ३ भागिले ४ पाय (π) वर्ग, तो ०.०७६ भरतो. तुझा क्यू ९५० भागिले ४० म्हणजे २४ च्या आसपास. मोड व्हॉल्यूम, म्हणजे फील्ड कोंडलेली जागा, मटेरिअलमधल्या तरंगलांबीच्या घनाएवढा धरला, जो अशा खांबांसाठी बरा अंदाज आहे, तर उत्तर येतं १.८. आणि हे सगळ्यात चांगल्या जागी, सगळ्यात चांगल्या दिशेला असलेल्या डायपोलसाठी (प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म अँटेनासाठी). क्वांटम वेल तर खांबाच्या पूर्ण रुंदीभर पसरलेली असते, मध्यभागी फील्ड जोरात आणि कडेला कमी, सरासरी काढली की अजून खाली येणार. तर ५ हा आकडा कुठून आला हे आधी शोध.

कडेचे_बंध

वरच्यांनी पीएलचं सांगितलं, मी लाइफटाइमवर येतो कारण माझी स्वतःची दोन वर्षं यातच गेलीयेत.

तुम्ही क्वांटम वेल आरपार कापलीये. एचिंगने जी कड उघडी पडते तिथे तुटलेले बंध असतात, ऑक्साइड बसतं, आणि कॅरिअर (इलेक्ट्रॉन किंवा होल) तिथपर्यंत पोचला की प्रकाश न देता मरतो. आर्सेनाइडमध्ये हा त्रास भयंकर आहे, उघड्या गॅलियम आर्सेनाइडचा सरफेस रिकॉम्बिनेशन वेग (पृष्ठभागावर कॅरिअर मरण्याचा वेग) सेकंदाला १० लाख सेंटीमीटरच्या घरात जातो, इंडियम घातलं की बराच कमी होतो पण शून्य होत नाही. गॅलियम नायट्राइडवर काम करणारे यात सुखी आहेत, त्यांना ही कड एवढी छळत नाही, म्हणून इतक्या बारीक खांबांचे प्रयोग त्यांच्याकडे तुलनेने सोपे जातात.

गोल खांबासाठी कडेमुळे वाढणारा रेट म्हणजे ४ गुणिले वेग भागिले व्यास. तुमचे आकडे घालून बघा. १ भागिले ०.२४ वजा १ भागिले १.२ म्हणजे नॅनोसेकंदाला ३.३. व्यास २५० नॅनोमीटर. वेग येतो सेकंदाला साधारण २०,००० सेंटीमीटर. इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या एच केलेल्या कडेसाठी यात काहीच आश्चर्य नाही! म्हणजे लाइफटाइममधली सगळीच्या सगळी घट नुसत्या कडेने समजावता येते, पर्सेलला हातसुद्धा न लावता. आणि असं असेल तर उलटं चित्र आहे बरं का, प्रकाश देणाऱ्या जोड्या कमी झाल्यात आणि तरीही पीएल वाढलंय, याचा अर्थ खांब प्रकाश बाहेर काढायचं आणि वळवायचं काम फार जोरात करतायत. तो रिझल्ट काही कमी नाही.

तपासायचा मार्ग सोपा आहे. वेगवेगळ्या व्यासांची मालिका असेल तर प्रत्येकाचा रेट काढा आणि १ भागिले व्यासासमोर मांडा. कडेचा परिणाम असेल तर सरळ रेषा. पर्सेल असेल तर जिथे रेझोनन्स ९५० ला येतो त्या व्यासाजवळ उंचवटा दिसायला हवा, दोन्ही बाजूंना पुन्हा खाली. दुसरं म्हणजे त्याच सॅम्पलला अमोनियम सल्फाइडची ट्रीटमेंट द्या. रेझोनन्स जवळपास हलत नाही पण कड शांत होते. लाइफटाइम वाढला तर तुमचा पर्सेल त्या बाटलीत विरघळला असं समजा.

कुतूहल_९

मी बीएस्सीला आहे, विषयात घुसतोय त्याबद्दल सॉरी पण मूळ गोष्टच कळत नाहीये. प्रकाश देणं हा अणूचा किंवा सेमीकंडक्टरचा स्वतःचा गुण आहे ना, मग बाहेर खांब आहेत की आरसा आहे हे त्याला आधी कसं कळतं आणि तो त्याप्रमाणे लवकर किंवा उशिरा प्रकाश कसा देतो?

तरंगिणी

सॉरी कशाला, अरे हाच तर यातला सगळ्यात सुंदर प्रश्न आहे आणि थेट पीएचडीला येईपर्यंत बऱ्याच जणांना तो पडतही नाही.

उत्सर्जन हा अणूचा एकट्याचा गुण नाहीच. अणू आणि त्याच्या भोवतालचं विद्युतचुंबकीय फील्ड या दोघांचा तो व्यवहार आहे. फोटॉन द्यायचा तर त्या तरंगलांबीला, त्या जागी फोटॉन सामावून घेणारे मोड, म्हणजे फील्डच्या कंपनाचे शक्य असलेले प्रकार, हवेत. मोड जास्त असतील तर व्यवहार पटकन होतो, कमी असतील तर रखडतो, अजिबात नसतील तर होतच नाही. त्याला लोकल डेन्सिटी ऑफ स्टेट्स म्हणतात, यातलं लोकल महत्त्वाचं, दहावीस नॅनोमीटर सरकलं तरी बदलू शकतं. आणि आधी कळायचा प्रश्न येत नाही, अणूचं स्वतःचंच फील्ड आजूबाजूच्या वस्तूंवर आदळून परत येतं आणि ते परत आलेलं फील्ड त्याच अणूला ढकलतं किंवा रोखतं. झोक्याला योग्य वेळी धक्का मिळाला तर झोका वाढतो आणि चुकीच्या वेळी मिळाला तर थांबतो, तसं.

पर्सेलने हे १९४६ मध्ये सांगितलं आणि ते प्रकाशाबद्दल नव्हतंच, रेडिओ फ्रीक्वेन्सीबद्दल होतं. १० मेगाहर्ट्झला अणुकेंद्राच्या चुंबकीय डायपोलला आपणहून शांत व्हायला ५ वर २१ शून्य इतके सेकंद लागतील असा त्याचा हिशोब होता, विश्वाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्याच्यात धातूचे बारीक कण मिसळले की तेच काम मिनिटांत होईल असं त्याने दाखवलं. मला दरवेळी हे वाचताना अंगावर काटा येतो. पुढे ड्रेक्सहागेने १९७० च्या सुमारास चांदीच्या आरशासमोर युरोपियमचे रेणू नेमक्या अंतरावर ठेवून लाइफटाइम मोजला, अंतर बदललं की लाइफटाइम वरखाली होतो हे डोळ्यांना दिसेल असं मांडलं. नुसता एक आरसा! आणि १९८७ मध्ये याब्लोनोविचने उलटा विचार केला, सेमीकंडक्टरभोवती अशी रचना करू की त्या तरंगलांबीला मोडच उरणार नाहीत आणि नको असलेलं उत्सर्जन बंद पडेल. फोटॉनिक क्रिस्टलची कल्पना तिथून आली, त्याच वर्षी सजीव जॉनने सुद्धा वेगळ्या वाटेने तिथेच येऊन पोचून लिहिलं. मेटामटेरिअल म्हणजे हाच खेळ अजून बारीक, तरंगलांबीपेक्षा लहान तुकडे जोडून आपल्याला हवा तसा भोवताल बनवायचा.

चांदीचा_थर

ताई, एवढा त्रास घेण्यापेक्षा धातूवर का जात नाही? हायपरबोलिक मेटामटेरिअलमध्ये चांदी आणि टायटॅनियम ऑक्साइडचे थर आलटून पालटून दिले की मोडची संख्या प्रचंड वाढते, २०१२ मध्ये मेनन, नारिमानोव्ह, जेकब वगैरेंनी वर क्वांटम डॉट (प्रकाश देणारे सूक्ष्म कण) ठेवून लाइफटाइम घटलेला दाखवला होता. क्यूची भानगडच नाही, मोठ्या पट्ट्यात चालतं. रूम टेम्परेचरला क्वांटम वेलचा स्पेक्ट्रम रुंद असतो त्यामुळे हाय क्यूचा फायदा तसाही मिळत नाही.

जुना_प्रयोगवाला

स्पेक्ट्रमबद्दलचं शंभर टक्के बरोबर. एमिटरच्या स्पेक्ट्रमची रुंदी कॅव्हिटीच्या (प्रकाश कोंडणाऱ्या रचनेच्या) रेझोनन्सपेक्षा जास्त झाली की सूत्रात कॅव्हिटीचा क्यू घालून मोठा आकडा काढणं चूक आहे, हे फार ठिकाणी केलेलं दिसतं.

पण धातूच्या बाबतीत सावध. हायपरबोलिक थरात जे जास्तीचे मोड मिळतात ते फार मोठ्या वेव्हव्हेक्टरचे, म्हणजे फार आखूड लाटांचे, असतात, हवेत त्यांना जोडच नसते, म्हणजे फोटॉन पटकन निघतो आणि थराच्या आतच अडकतो आणि शेवटी चांदी त्याची उष्णता करते. लाइफटाइम मस्त घटतो, प्रकाश मात्र येत नाही. बाहेर काढायला वर ग्रेटिंग (बारीक समांतर रेघा) करावी लागते आणि तरी मधल्या मधे बरंच नुकसान होतं. शिवाय एमिटर धातूच्या अगदी जवळ, १० नॅनोमीटरच्या आत गेला की क्वेंचिंग सुरू होतं, म्हणजे ऊर्जा प्रकाश न होता धातूतच जिरते. ज्याला वेगवान एलईडी पाहिजे आणि थोडा प्रकाश गेला तरी चालतो त्याच्यासाठी धातू ठीक, पण हिच्या विषयात प्रकाश वळवायचाय, तिथे डायइलेक्ट्रिक किंवा सेमीकंडक्टरचेच खांब बरे. माझं हे ठाम मत आहे आणि ते बऱ्याच सॅम्पलांवर हात पोळल्यावर झालंय.

नॅनोखांब

सगळ्यांचे खूप आभार, तीन वेळा वाचलं. कडेचं गणित मी स्वतः करायला हवं होतं. व्यासांची मालिका आहे माझ्याकडे, १८० पासून पुढे, आत्तापर्यंत फक्त रिफ्लेक्शनसाठी वापरली होती. जास्त रुंद कोनातला प्रकाश घेणारं ०.९ एनएचं ऑब्जेक्टिव्ह शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागते.

तोपर्यंत एक शंका. खांबांनी दिशा वळवली असं म्हणतो पण मेटासरफेस लेन्समध्ये जसा फेज (लाटेला पुढेमागे सरकवणं) देतात तसं इथे कसं चालेल? येणारा लेझर कोहेरंट (सगळ्या लाटा एका तालात) असतो, सगळ्या खांबांना एकच लाट लागते. इथे तर प्रत्येक जोडी आपापल्या वेळी आपापला फोटॉन देते, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मग दिशा ठरवतं कोण?

तरंगिणी

बरोबर, दोन वेगवेगळ्या जोड्यांचे फोटॉन एकमेकांत इंटरफिअर करत नाहीत. पण एकच फोटॉन स्वतःशी करतो! एका खांबात निघालेला फोटॉन आडवा शेजारच्या खांबांत पसरतो, तुझं अंतर ४०० आहे म्हणजे ९५० साठी खांब एकमेकांशी बोलतायतच, आणि मग तो एकदम अनेक खांबांतून बाहेर झिरपतो. त्या सगळ्या वाटांची बेरीज एका दिशेला जमते. म्हणून येणाऱ्या लाटेसाठी बनवलेली डिझाइन एमिटर पोटात असलेल्या मेटासरफेसला जशीच्या तशी लावून चालत नाही, आडवे जाणारे मोड मोजावेच लागतात. सोपा मार्ग रेसिप्रोसिटीचा, त्या दिशेने बाहेरून लाट पाठवली तर क्वांटम वेलमध्ये फील्ड किती जमतं ते काढायचं, जेवढं जमतं तेवढंच त्या दिशेला उत्सर्जन. क्वांटम वेलचे डायपोल बहुतेक थराच्या प्रतलातच असतात, म्हणून फील्डचा आडवा भागच मोजायचा, उभा सोडून द्यायचा.

२०२० मध्ये शुलरच्या ग्रुपने इंडियम गॅलियम नायट्राइडच्या क्वांटम वेल असलेल्या खांबांतून एकाच बाजूला झुकलेला प्रकाश काढून दाखवला, लेन्स नाही, आरसा नाही. आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या प्रसाद अय्यर आणि इगल ब्रेनर यांनी तर पुढची कमाल केली, गॅलियम आर्सेनाइडच्या मेटासरफेसवर पंपाचा पॅटर्न बदलून बाहेर येणारा इनकोहेरंट प्रकाश ७० अंशांच्या पट्ट्यात फिरवला, तोही पिकोसेकंदापेक्षा कमी वेळात. पंपाने कॅरिअर तयार झाले की इंडेक्स बदलतो, त्याने फेज बदलतो, असा तो धागा आहे. एलईडीसारख्या प्रकाशाची दिशा एवढ्या वेगाने बदलता येते यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता.

तुझ्याकडे बॅक फोकल प्लेन (ऑब्जेक्टिव्हच्या मागचं प्रतल) बघायची सोय असेल तर आधी ते कर, कॅमेऱ्यावर सगळ्या दिशा एका फोटोत दिसतात. आकड्यांवर भांडण्यापेक्षा ते चित्र जास्त सांगेल.

नॅनोखांब

बारा दिवसांनी परत आलेय, रिझल्ट सांगते.

०.९ च्या ऑब्जेक्टिव्हने तीच तुलना केली तर ५ पट नाही, फक्त १.९ पट. बॅक फोकल प्लेनमध्ये मधोमध ठळक ठिपका आणि बाजूला चार फिकट फांद्या, सपाट भागात एकसारखा उजेड. म्हणजे दिशेचंच मोठं काम आहे.

व्यासांची मालिका, रेट जवळपास सरळ रेषेवर आले. २५० चा बिंदू रेषेच्या किंचित वर आहे पण एरर बार रेषेला टेकतो. सल्फाइडनंतर त्याच खांबांचा लाइफटाइम ०.२४ वरून ०.५५ झाला, रिफ्लेक्शनचा डिप होता तिथेच, आणि पीएल अजून वाढलं. म्हणजे कडेचे_बंध म्हणाले ते खरं निघालं. ग्रुपमध्ये सांगताना हात थरथरत होते पण सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि आता पेपरचा मथळा दिशेवर असणार आहे, पर्सेलवर नाही.

आता २५० चा तो किंचित वर असलेला बिंदू, त्यात खरंच थोडा पर्सेल असेल का? तो वेगळा कसा काढू?

कडेचे_बंध

छान केलंत, फार कमी जण आपलाच आकडा असा उलटा तपासतात.

उरलेल्यासाठी दोन गोष्टी. डीके कर्व्हची (पल्सनंतर प्रकाश मावळत जातो त्या वक्राची) सुरुवातीची उंची बघा, म्हणजे पल्स पडल्या पडल्या लगेच. त्या क्षणी अजून कुणी कडेला जाऊन मेलेलं नसतं, त्यामुळे ती उंची कॅरिअरची संख्या, रेडिएटिव्ह रेट आणि कलेक्शन या तिघांवरच अवलंबून असते, कड त्यात येत नाही. कलेक्शन तुम्ही बॅक फोकल प्लेनवरून काढू शकता, पंपाचं शोषण ट्रान्समिशन आणि रिफ्लेक्शन मोजून, खांबांमुळे मटेरिअल कमी झालंय तेही धरा. तिन्ही भागून जे उरेल ते रेडिएटिव्ह रेटचं. दुसरं, हे सगळं पंपाची पॉवर खूप खाली नेऊन पुन्हा करा, कारण कॅरिअर दाटले की रेडिएटिव्ह लाइफटाइम आपोआप घटतो आणि खांबात पंप जास्त शोषला जात असेल तर तेवढ्यानेच फरक दिसेल.

आणि सल्फाइड हवेत टिकत नाही, काही दिवसांत लाइफटाइम परत घसरेल. वरून पातळ ॲल्युमिनियम ऑक्साइड द्या, पण त्याने रेझोनन्स लांब तरंगलांबीकडे सरकतो, तेव्हा लेप दिल्यावर रिफ्लेक्शन पुन्हा मोजून मगच व्यास निवडा.

नॅनोखांब

लेप सोमवारी देतेय, १० नॅनोमीटर. आधी सिम्युलेशनमध्ये टाकून बघितलं, २५० ऐवजी २४० चा खांब ९५० ला येईल असं दिसतंय आणि तो मालिकेत आहे. पॉवर खाली नेली की सिग्नल फार कमी होतो म्हणून रात्रभर मोजायला लावणार. कर्व्ह आले की इथेच टाकते.